‘स्क्रीनशॉट काढलंय, पण गावना नाय’: तो जातो कुठे, आणि ठेवायचा कसा

“अगो बाय, फोटो काढलंय मी, पण आता खय गावना नाय.”

देवगडात माझं छोटं सेवा केंद्र आहे आणि हे वाक्य मी वर्षातून तीन हंगामांत ऐकते. निकाल लागल्यावर प्रवेशाच्या अर्जांच्या वेळी, गणपतीच्या तिकिटांच्या वेळी, आणि पावसाळा सरल्यावर आंबा-काजूच्या फळपीक विम्याच्या वेळी. माणसं बदलतात, लॅपटॉप बदलतात, तक्रार तीच असते. स्क्रीनशॉट काढला होता, आता सापडत नाही.

एका नोव्हेंबरातली गोष्ट. जामसंड्याच्या बाजूचे एक बागायतदार काका घरीच अर्ज भरायला बसले. मुलगा मुंबईहून फोनवर एकेक पायरी सांगत होता. पैसे कापले गेले, स्क्रीनवर अर्ज क्रमांक आला, मुलगा म्हणाला, “बाबा, प्रिंट स्क्रीनचं बटण दाबा, फोटो निघेल.” काकांनी दाबलं. पाच मिनिटांत लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीची बसलेली, तो चार्जरवरच चालायचा. तोही बंद. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप कापडी पिशवीत घालून काका माझ्याकडे आले. मी पिक्चर्स बघितलं, डेस्कटॉप बघितला, डाउनलोड्स बघितलं, सगळ्या डिस्कवर शोध लावला. काही मिळालं नाही, कारण तो स्क्रीनशॉट कधी सेव्हच झाला नव्हता.

त्या क्रमांकाचं पुढे काय झालं ते सांगतेच. आधी या बटणाचं नीट समजून घेऊ, कारण दहातल्या आठ-नऊ तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

बटण दाबल्यावर होतं काय

नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं की विंडोज स्क्रीनचं चित्र उचलून क्लिपबोर्डवर ठेवतं. क्लिपबोर्ड म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतली जागा. तिथे एका वेळी एकच वस्तू राहते. त्यानंतर तुम्ही कुठलाही मजकूर कॉपी केलात, अगदी आधार क्रमांकाचे चार आकडे जरी कॉपी केलेत, की आधीचं चित्र गेलं. संगणक बंद झाला, तरी गेलं.

मी काकांना आंब्यावरूनच सांगितलं. झेल्यात, म्हणजे आंबे उतरवायच्या काठीच्या जाळीत, आंबा आला म्हणजे तो पेटीत भरला असं होत नाही ना? झेला खाली घेऊन आंबा काढून ठेवावा लागतो, आणि तसाच दुसऱ्या फांदीला लावलात तर पहिल्या आंब्याचं काय होईल ते तुम्हालाच ठाऊक. क्लिपबोर्ड हा झेला. फाइल ही पेटी. प्रिंट स्क्रीन दाबून आपण फक्त झेल्यात घेतो.

म्हणून नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं असेल तर लगेच, दुसरं काहीही कॉपी न करता, पेंट उघडायचं. स्टार्ट बटण दाबून पेंट हे नाव टाइप केलं की ते दिसतं. मग कंट्रोल आणि व्ही, चित्र उमटलं की कंट्रोल आणि एस, नाव द्यायचं, जागा निवडायची, सेव्ह. हे झाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

या बटणाच्या नावानेच अर्धा घोळ केलेला आहे. माझ्याकडे बरेच जण बटण दाबून प्रिंटरकडे बघत बसतात. त्यांची चूक नाही. १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा शिफ्टसोबत हे बटण दाबलं की स्क्रीनवरचा मजकूर खरोखरच प्रिंटरवर छापून येत असे. पुढे विंडोज आलं, बटणाचं काम बदललं, नाव तेच राहिलं.

एकच सवय लावायची तर ही

विंडोजचं बटण, म्हणजे ज्यावर चार चौकोनी खिडक्या असतात ते, धरून ठेवा आणि प्रिंट स्क्रीन दाबा. स्क्रीन क्षणभर अंधारून पूर्ववत होते. चित्र थेट फाइल होऊन पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्स या फोल्डरमध्ये पडतं. विंडोज ८ पासून पुढे सगळीकडे ही सोय आहे. पेंट नको, पेस्ट नको, आणि पुढच्या मिनिटाला लाइट गेली तरी चित्र डिस्कवर राहतं.

काही संगणकांवर वेग वाढवण्यासाठी कोणीतरी अ‍ॅनिमेशन बंद करून ठेवलेलं असतं. तिथे स्क्रीन अंधारत नाही, पण फाइल तयार होते. म्हणून अंधारण्यावर विसंबू नका. फाइल एक्सप्लोरर उघडा, पिक्चर्समध्ये जा, स्क्रीनशॉट्स उघडा आणि शेवटची फाइल डबल क्लिक करून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. अर्ज क्रमांक नीट दिसतो का, वरती एखादी सूचनेची चौकट येऊन तो झाकला गेला नाही ना, एवढं बघायला दहा सेकंद लागतात.

मग लगेच नाव बदला. फाइल निवडून एफ २ दाबलं की नाव लिहिता येतं. ‘स्क्रीनशॉट ४७’ या नावावरून पुढच्या वर्षी कुणालाच काही कळणार नाही. मी विषय, आडनाव आणि तारीख असं नाव देते. नाव मराठीत दिलं तरी विंडोज खुशाल स्वीकारतं, पण तीच फाइल पुढे एखाद्या पोर्टलवर चढवायची असेल तर नाव रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवलेलं बरं. देवनागरी नावाची फाइल न घेणारी पोर्टलं मला भेटलेली आहेत, आणि ती ‘फाइल चुकीची आहे’ एवढंच म्हणतात, कारण सांगत नाहीत.

विंडोज ७ चे काही जुने संगणक अजून शाळांत, दुकानांत चालू आहेत. त्यांच्यावर ही जोडी चालत नाही. तिथे पेंटचाच रस्ता, किंवा स्टार्टमध्ये शोधून स्निपिंग टूल, म्हणजे स्क्रीनचा हवा तो भाग कापून घेणारं विंडोजचं साधन.

स्क्रीन राखाडी होऊन थांबते

अलीकडे ही तक्रार वाढली आहे. नवा लॅपटॉप, विंडोज ११, आणि प्रिंट स्क्रीन दाबलं की सगळी स्क्रीन फिकट राखाडी होते, वर छोटी पट्टी येते. लोक घाबरून एस्केप दाबतात आणि मला फोन करतात की संगणक अडकला. अडकलेला नसतो. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून प्रिंट स्क्रीन बटणाला स्निपिंग टूल जोडलेलं आहे. माउसने हवा तेवढा भाग ओढून निवडायचा असतो, म्हणून ते वाट बघत असतं. विंडोज, शिफ्ट आणि एस एकत्र दाबलं की हीच पट्टी विंडोज १० वरही येते.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा, कारण त्यापायी मी लोकांची कामं अडलेली बघितली आहेत. विंडोज ११ चं स्निपिंग टूल निवडलेला भाग क्लिपबोर्डवर ठेवतं आणि सोबत स्क्रीनशॉट्स फोल्डरमध्ये आपोआप सेव्हही करतं, सेटिंग कोणी बंद केली नसेल तर. विंडोज १० वर मात्र ते फक्त क्लिपबोर्डवर जातं. उजव्या कोपऱ्यात खाली एक सूचना येते, तिच्यावर क्लिक करायचं, चित्र उघडतं, आणि मग सेव्हचं बटण आपण दाबायचं. ती सूचना काही सेकंदांत निघून जाते. ‘फोकस असिस्ट’ चालू असेल तर ती दिसतही नाही. काम करताना सूचना नकोत म्हणून कोणीतरी ते चालू करून ठेवलेलं असतं आणि मग घरातला दुसरा माणूस स्क्रीनशॉट शोधत बसतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी आपल्याकडे घराघरांत तेच आहे, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

राखाडी पट्टी नकोच असेल तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, कीबोर्ड असं जा. प्रिंट स्क्रीनच्या नावाचा एक खटका आहे, तो बंद केला की बटण जुन्यासारखं वागतं. मी ज्येष्ठ मंडळींच्या लॅपटॉपवर तो बंद करून देते आणि विंडोजसह प्रिंट स्क्रीन एवढंच शिकवते.

आणखी एक. स्निपिंग टूलमध्ये चित्र उघडून तुम्ही आधार क्रमांकावर जाड पेनाने काळं केलंत, तरी आधी आपोआप सेव्ह झालेल्या मूळ फाइलमध्ये तो क्रमांक उघडाच असतो. काळं केल्यानंतर वेगळ्या नावाने सेव्ह करा, पाठवताना तीच फाइल निवडा, आणि मूळ नको असेल तर पुसा.

बटण आहे, पण दाबून काही होत नाही

लॅपटॉपवर जागा वाचवायला एकाच बटणावर दोन कामं छापलेली असतात. प्रिंट स्क्रीन कधी इन्सर्टच्या बटणावर असतं, कधी वरच्या एफ ओळीत. नाव आखडून पाचच रोमन अक्षरांत लिहिलेलं असतं, पी, आर, टी, एस, सी. ते बटणाच्या खालच्या बाजूला किंवा वेगळ्या रंगात असेल तर खाली डावीकडचं एफएन हे बटणही सोबत धरावं लागतं. म्हणजे विंडोज, एफएन आणि प्रिंट स्क्रीन असे तिन्ही. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, त्यामुळे शेजारच्याच्या लॅपटॉपवर जे चाललं ते तुमच्यावर चालेलच असं नाही.

तरीही काही झालं नाही तर बटणच मेलंय का ते तपासा. विंडोज, कंट्रोल आणि ओ दाबलं की स्क्रीनवर एक कीबोर्ड उमटतो. त्यातलं प्रिंट स्क्रीन माउसने दाबा आणि पेंटमध्ये पेस्ट करून बघा. इथून चित्र आलं आणि खऱ्या बटणातून येत नसेल तर दोष बटणात. किनाऱ्यावर खारा, दमट वारा आहे, कीबोर्ड इथे लवकर खराब होतात, आणि जी बटणं वर्षातून दोनदा दाबली जातात त्यांचं बिघडणं लवकर कळतही नाही. पावसाळ्यात लॅपटॉप खिडकीपाशी ठेवू नका, वापरात नसेल तेव्हा झाकून ठेवा. नवा कीबोर्ड बसवण्याचा खर्च करण्याआधी यूएसबीचा साधा कीबोर्ड लावून खात्री करा.

सेव्ह झाला म्हणतं, पण फोल्डर रिकामा

हा दुसरा मोठा प्रकार आहे, आणि यात चित्र बहुतेक वेळा सापडतं. त्यामुळे धीर सोडू नका.

पहिला संशय वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीवर घ्या. नवा लॅपटॉप सुरू करताना बरेच जण जे विचारेल त्याला हो म्हणत पुढे जातात. त्यात ‘तुमची चित्रं वनड्राइव्हवर ठेवू का’ हा प्रश्नही असतो. हो म्हटलं की तुमचं पिक्चर्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत सरकतं. मग संगणकावर पिक्चर्स नावाची दोन ठिकाणं दिसू लागतात, आणि आपण नेमकं रिकाम्यात जाऊन बसतो. फाइल एक्सप्लोररच्या डाव्या बाजूला निळ्या ढगाचं चिन्ह आहे, तिथून वनड्राइव्ह, मग पिक्चर्स, मग स्क्रीनशॉट्स. फुकटची जागा ५ जीबी असते. ती भरली की ढगावर लाल खूण येते आणि लोकांना वाटतं स्क्रीनशॉट गेला. इंटरनेटवर चढणं थांबलेलं असतं, फाइल तुमच्या डिस्कवर असते.

दुसरा संशय, तुम्ही चुकून विंडोजसोबत ऑल्टही धरलंत. विंडोज, ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन ही जोडी गेम बारची, म्हणजे गेम खेळणाऱ्यांसाठी विंडोजमध्ये असलेल्या सोयीची आहे. ती चित्र पिक्चर्समध्ये ठेवतच नाही, व्हिडिओज या फोल्डरमधल्या कॅप्चर्समध्ये ठेवते. स्क्रीनशॉट शोधायला तिकडे कोण जाणार? एका विद्यार्थिनीचं प्रवेशाच्या अर्जाचं पान आम्हाला तिथेच मिळालं.

दोन्हीकडे नसेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये ‘धिस पीसी’ उघडा आणि वरच्या शोधाच्या चौकटीत तारांकन, टिंब आणि पीएनजी ही तीन रोमन अक्षरं लिहा. म्हणजे सगळी पीएनजी चित्रं शोधली जातात. ती तारखेप्रमाणे लावली की आजचं वर येतं. वेळ लागतो, डिस्क जुनी असेल तर चांगलाच लागतो, पण असेल तर मिळतं.

विंडोज आणि व्ही

साधा क्लिपबोर्ड एकच वस्तू धरतो असं वर म्हटलं. २०१८ च्या शेवटी विंडोज १० मध्ये क्लिपबोर्डचा इतिहास ही सोय आली. विंडोज आणि व्ही दाबा, पहिल्यांदा ती चालू करण्याचं बटण दिसेल, ते दाबा. तेव्हापासून शेवटच्या २५ वस्तू तिथे जमत राहतात. चित्रावर दुसरं काही कॉपी केलं गेलं तरी मागे जाऊन ते उचलता येतं. मर्यादा दोन. एक वस्तू ४ एमबीपर्यंतच बसते, आणि संगणक बंद होऊन चालू झाला की पिन केलेल्या वस्तू सोडून बाकी सगळं पुसलं जातं. म्हणजे लाइट गेल्यावर याचा उपयोग नाही. आणि आधी चालू केलेली नसेल तर मागचं काही मिळत नाही, म्हणून घरच्या संगणकावर ती आजच चालू करा.

दुकानातल्या, शाळेतल्या, कुठल्याही सामायिक संगणकावर मात्र ती बंद ठेवा. आधीच्या माणसाचं पॅन, बँकेचं पान, फोटो, सगळं पुढच्याला दिसतं. माझ्या केंद्रात ती बंदच आहे. तुम्ही बाहेर कुठे काम केलंत तर निघताना विंडोज आणि व्ही दाबून बघा, यादी दिसली तर सगळं पुसून टाका, आणि स्क्रीनशॉट्स फोल्डरमधली आपली फाइलही पुसा. ती रिसायकल बिनमध्ये जाते, तिथूनही काढा.

चित्रात काय यायला हवं

तक्रारीसाठी स्क्रीनशॉट काढताना लोक नेमका तेवढाच चौकोन कापतात ज्यात ‘व्यवहार अयशस्वी’ लिहिलेलं असतं. दिसायला नेटकं, पण कामाला कमी. तक्रारीसाठी अख्खी स्क्रीन घ्या. वर संकेतस्थळाचा पत्ता, खाली उजवीकडे तारीख आणि वेळ, मधे संदेश. पैसे कापले आणि काम झालं नाही, असं असेल तर यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक फोनमधल्या अ‍ॅपमधून वेगळा लिहून घ्या. बँक तुमचं चित्र बघून पैसे शोधत नाही, त्या क्रमांकावरून शोधते.

गणपतीच्या तिकिटांच्या वेळी हे फार घडतं. आता रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते १२० दिवस आधी उघडायचं. सकाळी ८ ला सगळी मुंबई आणि सगळं कोकण एकाच वेळी तुटून पडतं, कणकवली, कुडाळ, सावंतवाडीच्या जागा बघता बघता संपतात, आणि त्या गडबडीत कुणाचे पैसे जातात, तिकीट येत नाही. अशा वेळी पान रिफ्रेश करू नका, मागे जाऊ नका. आधी विंडोज आणि प्रिंट स्क्रीन, मग बाकीचं.

पावती स्क्रीनपेक्षा लांब असेल तर तीन तुकडे काढून जोडत बसू नका. कंट्रोल आणि पी दाबा, प्रिंटरच्या जागी पीडीएफ म्हणून सेव्ह करण्याचा पर्याय निवडा. पीडीएफमधून अर्ज क्रमांक बहुतेक वेळा जसाच्या तसा कॉपीही करता येतो, टाइप करताना एखादा आकडा चुकण्याची भीती राहत नाही. पीडीएफमध्ये मांडणी विस्कटली तर फायरफॉक्समध्ये पानावर राइट क्लिक करून पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घेता येतो, आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस.

आणि कृपा करून कागदपत्राच्या जागी स्क्रीनशॉट देऊ नका. भूलेख या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसणारा सातबारा हा बघण्यापुरता असतो. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन लोक कर्जाला, नोंदणीला जातात आणि परत येतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, तो डाउनलोड करा. उलट बाजूने, तारकर्ली-मालवणकडच्या होमस्टे चालवणाऱ्यांनाही एक विनंती आहे. पाहुण्याने पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट धाडला म्हणजे पैसे आले असं धरू नका. चित्रातले आकडे बदलणं अवघड नाही. आपल्या खात्यात जमा दिसली तरच खोली धरा.

पोर्टल चित्र घेत नाही, किंवा पाठवल्यावर अक्षरं फुटतात

विंडोजचा स्क्रीनशॉट पीएनजी असतो. अक्षरांसाठी पीएनजी उत्तम, कारण तो काही गाळत नाही. जेपीजी फोटोंसाठी बनलेलं आहे, ते आकार लहान करताना बारीक तपशील सोडून देतं आणि अक्षरांच्या कडांना राख सांडल्यासारखी दिसते. पण पुष्कळ पोर्टलं जेपीजीच मागतात, तेही ठरावीक केबीच्या आत. अशा वेळी फाइलच्या नावाचं शेपूट नुसतं बदलून भागत नाही, आतलं चित्र पीएनजीच राहतं. पेंटमध्ये उघडून सेव्ह अ‍ॅज, मग जेपीईजी निवडा.

आकार कमी करायचा तर आधी कापा, मग लहान करा. हा क्रम उलटा केला की सगळं बिघडतं. अख्खी स्क्रीन १९२० बाय १०८० ठिपक्यांची असेल आणि तुम्हाला मधला पावतीचा भागच हवा असेल, तर आजूबाजूचं रिकामं कापूनच आकार खूप उतरतो आणि अक्षरं जशीच्या तशी राहतात. आधी सगळं चित्र निम्मं केलं तर पावतीची अक्षरंही निम्मी होतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलेलं चित्र वाटेत दाबलं जातं. समोरचा कितीही मोठं करून बघो, आठ आणि तीन ओळखता येत नाहीत.

मोबाइलने मॉनिटरचा फोटो

पुष्कळ जण हेच करतात, आणि मग त्यावर तिरक्या रंगीत लाटा उमटतात. मॉनिटरचे ठिपके एका जाळीत बसलेले असतात, कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी वेगळी असते, दोन जाळ्या एकमेकींवर आल्या की त्या लाटा तयार होतात. मच्छीमारांची दोन जाळी एकावर एक पसरून बघितलीत तर हेच दिसेल. फोन थोडा मागे नेऊन किंवा किंचित कलवून लाटा कमी होतात.

तरी मी याला नावं ठेवणार नाही. आमच्याकडे वारा सुटला की लाइटचा भरवसा नसतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा खांब आडवे झाले आणि किती तरी वाड्या अनेक दिवस अंधारात होत्या. बाहेर गडगडत असेल, लॅपटॉपला बॅटरी नसेल, तर सगळ्यात आधी मोबाइलने फोटो घ्या, मग संगणकावर रीतसर स्क्रीनशॉट. फोनला स्वतःची बॅटरी आहे. निळी स्क्रीन येऊन संगणक बंद पडत असेल, किंवा चालू होतानाच एरर दाखवत असेल, तेव्हा तर विंडोज जागंच नसतं, तिथे मोबाइल हाच उपाय.

कधी स्क्रीनशॉट काळाकुट्ट येतो. बहुतेक वेळा त्यात पैसे भरून बघायचा चित्रपट किंवा मालिका चालू असते आणि नक्कल होऊ नये म्हणून ती खिडकी मुद्दाम काळी ठेवली जाते. प्रशासकाची परवानगी मागणारी विंडोजची चौकट येते तेव्हाही स्क्रीनशॉट निघत नाही. हा बिघाड समजून दुरुस्तीला नेऊ नका.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: कमांड, शिफ्ट आणि ३ दाबलं की अख्खी स्क्रीन, ४ दाबलं की निवडलेला भाग, आणि चित्र डेस्कटॉपवर सेव्ह होतं. सोबत कंट्रोल धरलंत तर मात्र ते फक्त क्लिपबोर्डवर जातं. उबुंटू २२.०४ पासून प्रिंट स्क्रीन दाबलं की पट्टी येते, एंटर दाबलं की चित्र पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट्समध्ये जातं.

आणि गेलाच असेल तर

आता काकांचं. स्क्रीनशॉट मिळणार नाही हे कळल्यावर आम्ही क्रमांक दुसरीकडून शोधायला बसलो. हाच क्रम तुम्हीही धरा. आधी ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि जे दाबून डाउनलोडची यादी बघा, कधी कधी पावती आपोआप उतरलेली असते. मग कंट्रोल आणि एच दाबून इतिहास बघा. पावतीच्या पानाचा पत्ता तिथे राहतो आणि काही वेळा त्या पत्त्यातच अर्ज क्रमांक असतो. मग ईमेल, तिथलं स्पॅमही. मग फोनवरचे एसएमएस. शेवटी पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहण्याचं पान, जिथे मोबाइल क्रमांक किंवा खाते क्रमांक देऊन शोधता येतं.

काकांच्या फोनमध्ये एसएमएस नव्हता. इतिहासात पान होतं, उघडलं तर ‘सत्र संपलं’ असं आलं. ईमेल मुलाचा दिलेला होता, मुलगा लोकलमध्ये होता. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर त्याने स्पॅम उघडलं, आणि तिथे पावती होती. त्याने ती व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून धाडली. मी छापून दिली. काकांनी खिशातून आंब्याच्या हिशेबाची वही काढली, पेटीच्या दरांच्या पानावर वरच्या कोपऱ्यात तो क्रमांक स्वतःच्या हाताने लिहिला, दोनदा पडताळून बघितला आणि म्हणाले, “आता लाइट गेली तरी चलात.”